बांदिवड्याची ओसरी

नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब गोव्याला जाणार, असे आपल्या समाजात कोणी सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटते. शिखरजीला किंवा श्रवणबेळगोळला निघालेल्यांच्या वाट्याला ते स्मित येत नाही. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो आणि उच्चार कोणी करीत नाही. आम्हीही गेल्या डिसेंबरात ते स्मित पुष्कळ ठिकाणी पाहिले. आम्ही एकोणीस जण होतो. सर्वांत धाकटा चार वर्षांचा आणि सर्वांत वडील, माझ्या मामंजींच्या भगिनी, बेचाळीस साली जन्मलेल्या आत्याबाई.

आमचे कुटुंब मूळ सांगली भागातले. आता मुले पुणे, बेळगाव, बेंगळुरू अशी विखुरली आहेत. वर्षातून एकदा, बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सर्वांनी एकत्र जमायचे हा मामंजींनी घालून दिलेला परिपाठ. महाबळेश्वर झाले, उटी झाली, कोकण झाले. या संमेलनांचे वर्णन करताना आपण छायाचित्रांतले वर्णन करतो. छायाचित्रात न येणारा भाग असा, की सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकली आणि दिवे लागले, की घराचे दोन भाग होत. चार-पाच पुरुष ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघत आणि गच्चीवर किंवा शेजारच्या खोलीत दार लावून बसत. इकडे वडीलधारी मंडळी, स्त्रिया आणि मुले. मुलांना त्या दारापाशी जाऊ द्यायचे नाही, हे काम आम्हा जावांचे. मद्य माणसांना जवळ आणते असे पुष्कळ ऐकले आहे. आमच्या घरात तरी त्याने इतकी वर्षे एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडे केली. दाराच्या आतली मंडळी एकमेकांच्या जवळ येत असतीलही. दाराबाहेरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

या वर्षी प्रश्न निराळा होता. माझ्या धाकट्या दिरांनी अकरा महिन्यांपूर्वी मद्य सोडले होते. ‘सोडले’ हा शब्द लिहायला एक क्षण लागतो. प्रत्यक्षात त्यामागे रुग्णालयातले बारा दिवस होते, डॉक्टरांची औषधे होती आणि आमच्या जाऊबाईंची अनेक जागरणे होती. (वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्याने एका दिवसात आपल्या आपण बंद करणे जिवावर बेतू शकते, ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे व्रत घ्यायला लावणारे पुष्कळ भेटतात, डॉक्टरांकडे नेणारे थोडे.) तेव्हा गोव्याचा बेत निघाला तसा तो रद्द करण्याचाही निघाला. भाऊजींपुढे ही चर्चा होऊ नये म्हणून सगळे दूरध्वनीवर कुजबुजत होते. त्यांना अर्थातच ते कळले. ते मला म्हणाले, “वहिनी, माझ्यासाठी गोवा गाळायचा तर सांगलीही गाळावी लागेल. दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाशीच आहे.”

मामंजींनी एवढेच ठरवले, की या खेपेस कोणाच्याही पेटीतून काही यायचे नाही. हे कोणासाठी, ते बोलायचे नाही. राहायचे समुद्रकाठी नाही, आत, फोंडे तालुक्यात.

आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून आम्ही सावंतवाडीला आलो. पावसाळ्यात याच घाटात धबधब्याखाली जो धिंगाणा चालतो तो डिसेंबरात नसतो. धुके, रानाचा ओला वास आणि माकडे. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी दशम्या सोडल्या. चितारआळीतून मुलांनी लाकडी फळे घेतली आणि थोरल्या पुतण्याने हट्टाने गंजिफाचा एक संच घेतला. गोल, हाताने रंगवलेली ती पाने पुढे आमच्या उपयोगी पडणार होती, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. बांद्याच्या पुढे पत्रादेवीची सीमा ओलांडली आणि रस्त्याकडेला मद्याच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या. गाडीत एकदम शांतता पसरली. ती शांतता भाऊजींनीच मोडली. त्यांनी मुलांना पाट्या मोजायला लावल्या. डाव्या बाजूच्या एकाने, उजव्या बाजूच्या दुसऱ्याने. म्हापसा येईतो मुलांना त्या खेळाचा कंटाळा आला.

आमचे घर बांदिवड्याला होते. आज गावाला बांदोडा म्हणतात. बांदिवडे हे जुने रूप. महालक्ष्मी आणि नागेश या दोन प्रसिद्ध देवस्थानांचे हे गाव. फोंडे महालाचा इतिहासच आश्रयाचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालच्या तिसवाडी, बारदेश, साष्टी या भागांतली देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे या महालात आणले. हा भाग पोर्तुगीजांकडे गेला तो पुढे 1763 मध्ये. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे यांची आजची देवळे त्यातूनच उभी राहिली. माड, पोफळी, त्यांच्यामधून डोकावणारी दीपस्तंभांची टोके आणि पहाटेचा चौघडा. जाहिरातीतला गोवा पाहिलेल्यास हा गोवा ओळखूच येणार नाही. घरमालकीण साठीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, तुम्हाला कांदा, लसूण, बटाटा चालत नाही ना? आणि कच्च्या केळ्यांचा एक घड, दुधी व आमसुले ओसरीवर आणून ठेवली. त्यांच्या घरातही कोणी मद्य घेत नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले आणि पुढे म्हणाल्या, की पर्यटकांना हे सांगितले तर ते हसतात. गोमंतकीय म्हणजे मद्यपी, हा समज आपणच इथे घेऊन येतो आणि आपणच त्याचा पुरावा मागे ठेवून जातो.

मागे ठेवलेला पुरावा आम्ही कोलव्याच्या किनाऱ्यावर पाहिला. वाळूत फुटकी काच होती. म्हणून मुलांना चपला काढू दिल्या नाहीत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या टापूतच पाण्यात उतरायचे, हे जीवरक्षक शिट्ट्या वाजवून सांगत होते आणि त्यांची सर्वाधिक शक्ती मद्य घेऊन पाण्यात शिरणाऱ्यांना बाहेर काढण्यात जात होती. आमच्यापुढची अडचण निराळीच होती. डिसेंबरअखेर गोव्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. समुद्रातला सूर्यास्त पाहायचा आणि रात्रिभोजनही टाळायचे, तर किनाऱ्यावरच जेवायला हवे. म्हणून साडेपाचला वाळूत चादरी अंथरून आम्ही एकोणीस जण जेवायला बसलो: मेथीचे ठेपले, केळ्याची भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या उपाहारगृहात तेव्हा नुकत्या खुर्च्या मांडल्या जात होत्या. सूर्य बुडाला तेव्हा आमचे हात धुऊन झाले होते आणि समोर बघण्याशिवाय दुसरे काम नव्हते. इतका निवांत सूर्यास्त मी यापूर्वी पाहिला नव्हता. एरवी त्या वेळी मी स्वयंपाकघरात असते.

खरी कसोटी मात्र त्यानंतरच्या वेळेची. साडेसात ते अकरा. आपल्या आचारात रात्री खाणे नाही, म्हणजे हाताला आणि तोंडाला काम नाही. आणि रिकाम्या हातात पेला फार लवकर येतो. मद्यत्यागाच्या उपदेशात या साडेतीन तासांचा विचार केलेला मी फारसा वाचला नाही. आचार्य अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्याचा विचार हिंसेच्या अनुषंगाने येतो आणि मूलगुणांत मद्यत्याग मोजला जातो, हे आपल्या पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही गच्चीवरची दारे लागतच होती.

पहिल्या रात्री आमच्या नणंदेचे यजमान फार अस्वस्थ होते. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत; सायंकाळच्या बैठकींची सवय. तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. त्यांना कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या रात्री पुतण्याने गंजिफा काढला. नियम कोणालाच येत नव्हते. जावयांनी भ्रमणध्वनीवरून ते शोधले, सर्वांना समजावले आणि थोड्याच वेळात आत्याबाईंशी त्यांचे कडाक्याचे भांडण जुंपले, कारण आत्याबाईंनी नियम आपल्या सोयीने बदलून घेतले होते. तिसऱ्या रात्री सात वाजताच ते पाने पिसत बसलेले दिसले.

एक दिवस मसाल्याच्या बागेत गेलो. फोंडे तालुक्यात अशा अनेक बागा आहेत. मिरीचे वेल, जायफळाची फोडलेली फळे, दालचिनीची साल हातात घेऊन वास घेणारी मुले. फेरी संपताना पाठीवर गवती चहाच्या थंडगार पाण्याचा एक डाव ओततात. त्यावर मुलांचा जो आरडाओरडा झाला तो अजून कानात आहे. आणि अगदी शेवटी एका तबकात लहान लहान पेले. काजूची फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, काजूची बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनात उर्राक आणि नंतर फेणी, हंगाम उन्हाळ्याचा, अशी सारी माहिती वाटाड्याने उत्तम दिली. नंतर तबक पुढे केले. भाऊजी सर्वांत पुढे उभे होते. मागे आम्ही. मला जाऊबाईंचा हात आपल्या मनगटावर जाणवला.

“आम्ही घेत नाही,” भाऊजी म्हणाले.

मी नव्हे, आम्ही. वाटाड्याने मान हलवली, तबक ठेवले आणि आतून कोकमाचे सरबत आणले. एवढेच घडले. त्याने कारण विचारले नाही, आग्रह केला नाही. आपल्या लग्नकार्यांत, आपल्याच माणसांकडून, ‘अहो, एक घोट घेतल्याने काय होते’ हे शब्द ज्याने ऐकले आहेत, त्यालाच त्या वाटाड्याच्या सौजन्याची किंमत कळेल.

त्याच आठवड्यात एका सायंकाळी भाऊजी एकटेच पणजीला जाऊन आले. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा गोव्यातही भरतात. शुल्क नाही, आडनाव विचारत नाहीत, परगावचा माणूसही जाऊन बसू शकतो. आम्ही काही विचारले नाही. परतल्यावर त्यांनी फक्त मामंजींना सांगितले, की तिथे एक कोळी बांधव भेटले, मद्य सोडून त्यांना एकवीस वर्षे झाली. मामंजी म्हणाले, “उद्या त्यांना आपल्याकडे बोलव.” भाऊजी हसले. तिथला परिचय तिथेच ठेवायचा असतो, हे त्यांनी वडिलांना समजावून सांगितले. मुलाने वडिलांना काही समजावून सांगावे आणि त्यांनी ते ऐकून घ्यावे, हे दृश्य त्या दोघांच्यात बऱ्याच वर्षांनी पाहिले.

बांदिवड्यात आपल्या लोकांनी अवश्य पाहावे असे एक स्थान आहे: नेमिनाथाची बस्ती. गोव्यावर कदंबांचे आणि पुढे विजयनगरचे राज्य असताना इथे जैन वस्ती होती. पंधराव्या शतकातील शिलालेखात या बस्तीचा उल्लेख येतो. आज आत मूर्ती नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, त्यांवर चढलेली हिरवळ, पुरातत्त्व खात्याची पाटी. मुलांनी विचारले, इथले लोक कुठे गेले? मामंजींना उत्तर देता आले नाही. त्यांनी सर्वांना उभे करून णमोकार मंत्र म्हणवला. आवाज भिंतींवरून परत आला नाही. वरून निघून गेला. आत्याबाई एका दगडावर बसून राहिल्या होत्या. त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत.

त्या बोलल्या रात्री. ओसरीवर गंजिफा मांडलेला होता, मुले अर्धवट झोपेत मांडीवर. कोणीतरी घराण्याची नावे विचारली, पणजोबांना किती मुलगे. तीन, असे आम्ही सारे समजत आलो होतो. दिवाणखान्यात छायाचित्रेही तिघांचीच आहेत. आत्याबाई म्हणाल्या, “चार.”

चौथे सर्वांत धाकटे. हिशेबाला हुशार, आवाज गोड, दसलक्षण पर्वात पूजा म्हणायला आजूबाजूच्या गावांतून बोलावणे येई. नंतर मद्याची सवय लागली. आधी वाट्याची जमीन गेली, मग घरातले स्थान. पणजोबांनी त्यांचे नाव घेणे बंद केले आणि घराने ते विसरायचे ठरवले. मळ्यातल्या खोपटात राहत. “मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई पदराखाली डबा देई आणि मला पाठवी. काका मला पाढे विचारायचे. चुकले तर रागवायचे नाहीत.”

ओसरीवर कोणी हलले नाही. भाऊजींची नजर पानांवर होती. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “पुढे काय झाले त्यांचे?”

“मला नाही माहीत रे,” आत्याबाई म्हणाल्या. “माझे लग्न झाले. मी चिक्कोडीला गेले. माहेरी आले की विचारायची हिंमत व्हायची नाही.”

“नाव काय त्यांचे?”

आत्याबाईंनी नाव सांगितले. ते इथे लिहीत नाही. तो आमच्या घरचा भाग आहे. पण पंच्याहत्तर वर्षांत ते नाव आमच्या कुळात प्रथमच मोठ्याने उच्चारले गेले असेल. मामंजी उठून आत गेले. त्यांना ते ठाऊक होते की नव्हते, हे कोणी विचारले नाही. आणि मला वाटले, गच्चीवरचे दार लागलेले असते, तर आत्याबाईंनी ही गोष्ट आम्हा बायकांना सांगितली असती आणि जिला ती ऐकायची गरज होती ती माणसे दाराआड राहिली असती. किंवा सांगितलीच नसती.

एकतीस तारखेला गावातली मुले रस्त्यात दोरी धरून उभी होती. जुन्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा करायचा, त्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून नाणी गोळा करायची आणि मध्यरात्री तो जाळायचा, ही गोव्यातली रीत. आमच्या मुलांनाही त्यात सामील व्हायचे होते. जाळण्यात मामंजींचे मन घेईना. म्हाताऱ्याला सदरा शिवून देण्यापुरती परवानगी मिळाली आणि जाऊबाईंनी जुन्या उशीच्या अभ्र्याचा सदरा बेतला. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नाताळच्या फराळाचे ताट आले. त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम अंड्याचे पदार्थ वगळून नेवऱ्या आणि दोस तेवढे पाठवले होते. दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर यांची घोटलेली वडी. आपल्या पुरणाची सख्खी बहीण. दिवस मावळायच्या आत ताट रिकामे झाले आणि त्यात आम्ही घरून आणलेले बेसनाचे लाडू घालून ते परत पाठवले.

बारा वाजता दूरवर आकाशात रोषणाई झाली. आवाज फार उशिरा पोहोचला. आमच्यातले निम्मे झोपले होते. जागे होते त्यांनी झोपलेल्यांच्या अंगावर पांघरुणे घातली, इतकेच नववर्षाचे स्वागत.

पहाटे मात्र सगळे उठले. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट गाठायची होती. रस्ते ओस पडले होते. आदल्या रात्री जागलेला गोवा झोपेत होता. एका वळणावर एक मोटार पदपथावर चढून उभी होती, पुढची काच तडकलेली, आत कोणी नव्हते. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असल्यास वाहन चालवणे गुन्हा आहे, हे भाऊजींनी पुतण्याला सांगितले. पुढची गाडी तेच चालवत होते.

फेरीबोटीत पायी प्रवाशांना भाडे पडत नाही, याचा मुलांना फार आनंद झाला. मांडवीवर धुके होते. पलीकडच्या खारफुटीतून बगळे उडाले. मच्छीचे हारे घेतलेल्या दोन बाया, देवळाला निघालेला एक भटजी आणि आम्ही. आत्याबाईंनी सवयीप्रमाणे माणसे मोजायला सुरुवात केली. दर वर्षी एक तारखेच्या सकाळी त्यांचा हिशेब तीन-चारांनी कमी भरे आणि ‘झोपू द्या त्यांना’ असे कोणीतरी म्हणे. या खेपेस त्यांनी दोनदा मोजले. मग जाऊबाईंना विचारले, की दशम्या एकोणीस जणांच्या हिशेबाने बांधल्या आहेस ना, बेटावर आपल्या खाण्याजोगे काही मिळायचे नाही.